अकरा वर्षांचं मंत्रिमंडळ आणि खात्यांची वाटणी

आजच्या बोलण्यात आपण एक जुनी यादी उघडून बघणार आहोत. यादी आहे मंत्र्यांची. मंत्रिमंडळ म्हटलं की आपल्यापैकी बऱ्याच जणींना वाटतं, हे मुंबईचं काम, त्याचं आपल्याला काय? पण आपल्या गटात अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष कोण हे ठरवताना आपण किती विचार करतो ते आठवा. कोण कोणत्या वस्तीतली, कोणाला लिहिता-वाचता येतं, कोणावर सगळ्यांचा विश्वास आहे, कोणाला डावललं तर गट फुटेल. राज्याचं मंत्रिमंडळही असंच बसवतात. फरक इतकाच की तिथल्या एका सहीवर धरण होतं, शाळा निघते, दुष्काळात मजुरी मिळते.

आपण ज्यांची यादी बघणार आहोत ते म्हणजे वसंतराव नाईक. ५ डिसेंबर १९६३ ला ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले आणि २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत त्या खुर्चीवर राहिले. म्हणजे सलग अकरा वर्षं आणि वर अडीच महिने. इतका काळ सलग मुख्यमंत्रिपद महाराष्ट्रात दुसऱ्या कोणाला मिळालेलं नाही. ते कसं जमलं, त्यांच्या मंत्रिमंडळात कोण कोण होतं, आणि त्यात बाईच्या वाट्याला काय आलं, हे समजून घेऊ.

आधी थोडी पार्श्वभूमी. वसंतराव यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. जन्म १ जुलै १९१३ चा, बंजारा समाजातला. तांड्यावरचा मुलगा नागपूरला जाऊन वकील झाला. १९४६ मध्ये ते पुसदचे नगराध्यक्ष झाले. तेव्हा विदर्भ जुन्या मध्य प्रदेशात होता. १९५२ ला ते तिथल्या विधानसभेत निवडून आले आणि महसूल खात्याचे उपमंत्री झाले. १९५६ मध्ये विदर्भ आणि मराठवाडा मुंबई राज्याला जोडले गेले आणि गुजरातसह मोठं द्विभाषिक राज्य झालं. त्या राज्यात त्यांनी सहकार आणि शेती ही खाती सांभाळली. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला तेव्हा ते महसूलमंत्री होते.

महसूलमंत्री असताना त्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली. जिल्ह्याचा कारभार लोकांनी निवडून दिलेल्यांच्या हाती कसा द्यायचा, हे त्या समितीनं ठरवायचं होतं. तिच्या अहवालावरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. आज आपल्यापैकी ज्या जणी पंचायत समितीच्या पायऱ्या चढतात, अर्ज देतात किंवा स्वतः सदस्य होऊन आत बसतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ती इमारत या समितीच्या अहवालातून उभी राहिली.

आता ते मुख्यमंत्री कसे झाले ते बघू. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धाच्या वेळी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले. त्यांच्या जागी चंद्रपूरकडचे मारोतराव कन्नमवार आले. एका वर्षातच, २४ नोव्हेंबर १९६३ ला, कन्नमवारांचं पदावर असतानाच निधन झालं. कोकणातल्या पी. के. सावंतांनी काही दिवस कारभार पाहिला आणि मग वसंतरावांची निवड झाली. कन्नमवार विदर्भाचे, वसंतरावही विदर्भाचे. हे आपोआप घडलेलं नव्हतं.

त्या वेळचा महाराष्ट्र म्हणजे नवी सून घरात आल्यावर जसं असतं तसं काहीसं होतं. पश्चिम महाराष्ट्र, कोकण आणि खानदेश जुन्या मुंबई राज्यातले. मराठवाडा निजामाच्या हैदराबादेतून आलेला. विदर्भ मध्य प्रदेशातून आलेला. सगळे मराठी बोलणारे, पण प्रत्येकाचे कायदे, शाळा, सवयी आणि मागासलेपण वेगवेगळं. मुंबईकडचे लोक सगळं ओढून घेतील, ही भीती विदर्भात आणि मराठवाड्यात होती. म्हणून १९५३ मध्येच नागपूर करार झाला होता. नागपूरला दरवर्षी विधिमंडळाचं अधिवेशन भरतं, त्याचं मूळ या करारात आहे. अशा घरात मुख्यमंत्रिपद विदर्भाकडे राहणं म्हणजे नव्या माणसांना सांगणं होतं की हे घर तुमचंही आहे.

वसंतरावांची आणखी एक गोष्ट आम्हाला महत्त्वाची वाटते. बंजारा समाज संख्येनं मोठा नव्हता. आपल्या जातीच्या मतांच्या जोरावर राज्य चालवणं त्यांना शक्यच नव्हतं. त्यांना सगळ्यांना बरोबर घेऊनच चालावं लागणार होतं. ते कसं केलं ते त्यांच्या मंत्र्यांच्या यादीत दिसतं.

यादी वाचण्याआधी मंत्र्यांच्या पायऱ्या समजून घेऊ. सगळ्यात वर कॅबिनेट मंत्री. मंत्रिमंडळाच्या बैठकीत बसून निर्णय घेणारे हेच. त्याखाली राज्यमंत्री. त्यांच्या विषयाची गरज पडली तर त्यांना बैठकीला बोलावतात. सगळ्यात खाली उपमंत्री, मोठ्या मंत्र्याच्या हाताखाली काम करणारे. शपथ सगळेच घेतात, गाडीवर दिवा तेव्हा सगळ्यांच्याच असायचा, गावात सत्कारही सगळ्यांचा सारखाच व्हायचा. पण निर्णयाच्या टेबलाशी बसायचा हक्क सारखा नसतो. शिवाय खात्यांमध्येही फरक असतो. गृह खात्याच्या हाताखाली पोलीस, महसूल खात्याच्या हाताखाली जमीन आणि तहसीलदार, अर्थ खात्याच्या हाताखाली तिजोरी, पाटबंधारे खात्याच्या हाताखाली पाणी. ही खाती ज्याच्याकडे, त्याच्या दारात जिल्ह्याजिल्ह्यातून माणसं येतात.

आता यादी. सातारा जिल्ह्यातल्या पाटणचे बाळासाहेब देसाई वसंतरावांच्या मंत्रिमंडळात गृहमंत्री होते. त्याआधी शिक्षणमंत्री असताना त्यांनी गरीब घरातल्या मुलांची फी माफ करणारी सवलत आणली होती. तिच्यामुळे शेतकऱ्यांची किती मुलं शिकली, हे आपल्या घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. कऱ्हाडकडचे यशवंतराव मोहिते शेतकरी कामगार पक्षातून काँग्रेसमध्ये आलेले. कापूस एकाधिकार खरेदी योजनेशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. नागपूरकडचे शेषराव वानखेडे अर्थमंत्री होते. १९७२ नंतर ते विधानसभेचे अध्यक्ष झाले. जळगाव जिल्ह्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी शिक्षणमंत्री होते. नांदेडच्या शंकरराव चव्हाणांकडे पाटबंधारे आणि वीज. गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, ती याच काळात. डॉ. रफिक झकेरिया नगरविकास खातं सांभाळत होते. रायगडकडचे, म्हणजे तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातले, अब्दुल रहमान अंतुले १९६९ पासून मंत्री होते. विधी आणि न्याय, बंदरं अशी खाती त्यांच्याकडे होती.

ही नावं नकाशावर ठेवून बघा. सातारा, नागपूर, जळगाव, नांदेड, औरंगाबाद, कुलाबा. राज्याच्या प्रत्येक भागातला कोणी ना कोणी टेबलाशी बसलेला दिसतो. मराठवाड्याच्या माणसाकडे पाणी दिलं, कारण पाण्याची तहान तिथं मोठी. तिजोरीची किल्ली विदर्भाकडे. पोलीस पश्चिम महाराष्ट्राकडे. मुस्लिम समाजातले दोन जण, दोघंही कर्तबगार. एका घरात चार जावा असल्या आणि एकीकडे धान्याची कोठी, दुसरीकडे दूधदुभतं, तिसरीकडे पैशाचा डबा असला की कुरबुर होते, पण चूल वेगळी होत नाही. तसंच काहीसं.

१९६७ च्या निवडणुकीत विधानसभेच्या २७० जागांपैकी काँग्रेसला २०३ मिळाल्या. १९७२ मध्ये २२२. मधल्या काळात १९६९ ला दिल्लीत काँग्रेस फुटली, बऱ्याच राज्यांत सरकारं कोसळली, पण महाराष्ट्रात वसंतराव टिकले. विरोधकांची टीका होतच होती. मुंबईत शिवसेना वाढत असताना सरकारनं डोळेझाक केली, असा आरोप त्यांच्यावर झाला. साखर कारखानदार आणि बडे बागायतदार यांचंच हे राज्य आहे, असंही म्हटलं गेलं. त्यात तथ्य नव्हतंच असं कोणी म्हणणार नाही. कोरडवाहू शेतकऱ्याला, शेतमजुराला या टेबलाशी जागा नव्हती.

१९७२ च्या निवडणुकीनंतर मंत्रिमंडळात दोन नवी नावं आली. एक सांगलीचे वसंतदादा पाटील. सहकारातला मोठा माणूस, आधी पक्षाचं काम केलेला. त्यांच्याकडे पाटबंधारे खातं आलं. दुसरं नाव बारामतीचे शरद पवार. १९६७ ला पहिल्यांदा आमदार झाले होते. १९७२ ला ते राज्यमंत्री झाले आणि त्यांच्याकडे गृह खात्याचं काम आलं.

आता पुढचं ऐका. वसंतरावांनंतर १९७५ मध्ये मुख्यमंत्री झाले शंकरराव चव्हाण. १९७७ मध्ये वसंतदादा पाटील. १९७८ मध्ये शरद पवार. मग काही महिने राष्ट्रपती राजवट, आणि १९८० मध्ये अंतुले. लागोपाठचे चार मुख्यमंत्री, चौघंही वसंतरावांच्या मंत्रिमंडळात काम केलेले. म्हणजे ती अकरा वर्षं पुढच्या मुख्यमंत्र्यांची शाळाही होती. ज्याला त्या शाळेत बसायला जागा मिळाली, त्याला फाईल कशी वाचायची, सचिवाला प्रश्न कसा विचारायचा, पैसा कुठून आणायचा, हे शिकायला मिळालं.

त्या शाळेत एक बाईही होती. प्रतिभाताई पाटील.

प्रतिभाताईंचं नाव आपल्याला माहीत आहे ते राष्ट्रपती म्हणून. पण त्यांची सुरुवात इथली. जन्म १९ डिसेंबर १९३४, जळगाव जिल्ह्यातल्या नाडगावचा. एम.ए. झाल्या, मुंबईत कायदा शिकल्या. १९६२ च्या निवडणुकीत जळगावातून निवडून आल्या, तेव्हा त्यांचं वय अवघं २७ होतं. १९६७ पासून त्या एदलाबादच्या आमदार. हे एदलाबाद म्हणजे आजचं मुक्ताईनगर. १९८५ पर्यंत त्या सलग विधानसभेत होत्या.

१९६७ ला वसंतरावांनी त्यांना उपमंत्री केलं. आरोग्य, दारूबंदी, पर्यटन, गृहनिर्माण आणि संसदीय कामकाज असे विषय त्यांच्याकडे होते. वाचायला यादी लांब आहे, पण पायरी शेवटची. पाच वर्षं त्या तिथं राहिल्या. १९७२ ला त्या कॅबिनेट मंत्री झाल्या आणि समाजकल्याण खातं त्यांच्याकडे आलं. १९७४ मध्ये समाजकल्याणाबरोबर सार्वजनिक आरोग्य खातंही मिळालं.

इथं जरा थांबून हिशोब करू. १९७२ साली प्रतिभाताई कॅबिनेट मंत्री होत्या, आणि शरद पवार त्यांच्याहून एक पायरी खाली, राज्यमंत्री. आमदार म्हणूनही त्या पाच वर्षांनी आधीच्या. पण त्यांच्याकडे समाजकल्याण आणि पवारांकडे गृह. १९७८ ला पवार मुख्यमंत्री झाले, आणि १९७९ मध्ये प्रतिभाताई त्यांच्या सरकारसमोर विरोधी पक्षनेत्या म्हणून उभ्या राहिल्या.

हे सगळं फक्त खात्यामुळे झालं, असं आम्ही म्हणणार नाही. राजकारणात पाठीशी साखर कारखाना असतो, जिल्हा बँक असते, आमदारांचा गट असतो, दिल्लीतला वरदहस्त असतो. पण हे सारं जमवायला हातात खातं कोणतं आहे यालाही किंमत असते. समाजकल्याण मंत्र्याच्या दारात वसतिगृहाची फाईल घेऊन गरीब माणूस येतो. गृह आणि महसूल मंत्र्याच्या दारात आमदार येतात. एका दारात आशीर्वाद मिळतो, दुसऱ्या दारात पाठिंबा जमतो.

त्या काळात दुसऱ्याही बायका पुढे येत होत्या. वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावातून १९७२ ला प्रभा राव निवडून आल्या. त्याच दशकात त्या मंत्री झाल्या आणि पुढे राज्यपालही. पण अशा बायका हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या.

मग त्या वेळी बाकीच्या बायका कुठं होत्या? १९७२ साल आठवा, नाहीतर आईला, आजीला विचारा. तो दुष्काळ. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, गुरं विकली नाहीतर सोडून दिलेली. खायला परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी, मुलांना सुकडी. सरकारनं दुष्काळी कामं काढली. रस्ते, पाझर तलाव, नालाबांध. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. त्यात बायका खडी फोडत होत्या, पाटीनं माती वाहत होत्या, झाडाला झोळी बांधून त्यात बाळ निजवत होत्या. आजही कित्येक गावांचा पाझर तलाव याच बायकांनी खोदलेला आहे.

त्याच सुमारास मुंबईत महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांनी वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांना एकत्र आणलं. रॉकेल, तेल, साखर रास्त भावात द्या, अशी मागणी घेऊन त्या मंत्र्यांना घेराव घालत. मृणालताई १९७२ लाच आमदार झाल्या होत्या, पण विरोधी बाकावर. म्हणजे सभागृहात प्रश्न विचारायचा आणि बाहेर लाटणं वाजवायचं, अशी दोन्ही कामं त्यांनी केली.

दुष्काळातून एक मोठी गोष्ट उभी राहिली, ती रोजगार हमी योजना. तिची कल्पना मांडणारे वि. स. पागे हे तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. ते विधान परिषदेचे सभापती होते, मंत्री नव्हते. मागेल त्याला काम, हा त्यांचा आग्रह. १९७२ मध्ये वसंतरावांच्या सरकारनं ही योजना स्वीकारली. नंतर १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. पुढे २००५ मध्ये देशभरासाठी जो रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता. या योजनेवर बाई आणि पुरुष यांना कामाप्रमाणे सारखी मजुरी. शेतात बाईला कमी आणि गड्याला जास्त, ही रीत या कामांवर चालली नाही. आपल्या कित्येक आयांच्या हातात स्वतःच्या नावानं पहिला पैसा आला तो इथं.

बघा, काम बायकांनी केलं, मोर्चा बायकांनी काढला, योजनेचा फायदाही बायकांना झाला. पण काम कुठं काढायचं, मजुरीचा दर किती, पैसा कुठून आणायचा, हे ठरवणाऱ्या टेबलाशी बाई जवळपास नव्हती. जी एक होती, तिच्या समोरच्या फाईली वेगळ्या खात्याच्या होत्या. तरी त्या काळात काम मिळालं, कारण मंत्रिमंडळावर बाहेरून जोर होता. दुष्काळ होता, मोर्चे होते, पाग्यांसारखा चिकाटीचा माणूस होता. टेबलाशी आपलं माणूस नसेल तर बाहेरून किती जोर लावावा लागतो, ते यातून दिसतं.

आज काय आहे? २००३ मध्ये घटनेत दुरुस्ती झाली. विधानसभेच्या आमदारांच्या १५ टक्क्यांहून जास्त मंत्री नेमता येत नाहीत. आपल्याकडे आमदार २८८, म्हणजे मुख्यमंत्र्यांसह ४३ मंत्र्यांची मर्यादा. खुर्च्या मोजक्या झाल्या की ओढाओढ वाढते, आणि ओढाओढीत बाई मागे ढकलली जाते. ३० जून २०२२ ते २ जुलै २०२३ या पूर्ण वर्षभरात महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळात एकही महिला नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये मंत्रिमंडळ झालं, त्यात ४२ जणांमध्ये ४ महिला होत्या, दोन कॅबिनेट आणि दोन राज्यमंत्री. मुख्यमंत्रिपदावर तर महाराष्ट्रात आजवर एकही बाई बसलेली नाही. इथली बाई देशाची राष्ट्रपती झाली, पण राज्याची मुख्यमंत्री झाली नाही. २०२३ मध्ये विधानसभा आणि लोकसभेत महिलांना एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती झाली आहे. ती लागू झाली की आमदार बायका वाढतील. पण आमदार होणं आणि टेबलाशी बसणं यात अंतर असतं, हे वसंतरावांच्या यादीनं आपल्याला दाखवलं आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. महाराष्ट्रात २०११ पासून ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेत निम्म्या जागा बायकांच्या आहेत. जागा मिळाल्या. पण जिल्हा परिषदेत समित्या वाटताना आम्ही काय बघतो? महिला आणि बालकल्याण समितीची सभापती बाई असते, कारण तसा नियमच आहे. अर्थ आणि बांधकाम समिती मात्र बहुतेक ठिकाणी पुरुषाकडे जाते. गावातही तसंच. आरोग्याच्या, पोषणाच्या समितीत बायकांची नावं चटकन सुचतात. पाण्याच्या टाकीचा ठेका आणि रस्त्याचं अंदाजपत्रक यांची चर्चा निघाली की सरपंच ताईंच्या शेजारी त्यांचे यजमान येऊन बसतात.

आरोग्य आणि पोषण ही कामं हलकी आहेत, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. बाळंतपणात बाई दगावली नाही पाहिजे, पोर कुपोषित राहिलं नाही पाहिजे, याहून मोठं काम कोणतं? प्रतिभाताईंकडे १९७४ ला आरोग्य खातं आलं, ते छोटं खातं नव्हतं. पण अंगणवाडीला खोली बांधायची तर बांधकामाचा पैसा लागतो. बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचं तर रस्ता लागतो. म्हणून एका समितीत बाई आणि पैशाच्या समितीत फक्त पुरुष, या वाटणीत बाईला दर वेळी हात पसरावा लागतो.

आमच्या प्रभागातल्या ग्रामसंघांत आम्ही आता एक सवय लावतो आहोत. कोणतीही समिती झाली की तिची यादी मोठ्यानं वाचायची आणि तीन प्रश्न विचारायचे. पहिला, या बाईची पायरी कोणती, ती नुसती सदस्य आहे की निर्णय घेणारी? दुसरा, खातं कोणतं, त्यात पैसा किती येतो? तिसरा, चेकवर आणि ठरावावर सही कोणाची? या तीन प्रश्नांची उत्तरं इतिवृत्तात लिहायची. कोणाशी भांडायला म्हणून हे करत नाही आम्ही. पुढच्या वेळी वाटणी होईल तेव्हा मागचा कागद हाताशी असावा, म्हणून करतो.

आणि छोटी जागा मिळाली म्हणून नाराज होऊन ती सोडायची, असंही नको. प्रतिभाताईंनी उपमंत्रिपदाची शेवटची पायरी नाकारली नाही. पाच वर्षं त्या पायरीवर राहून काम शिकल्या आणि मग वर गेल्या. आमदारकीची २३ वर्षं त्यांनी सलग टिकवली. टिकून राहिल्या म्हणूनच पुढे राज्यसभेच्या उपसभापती, राजस्थानच्या राज्यपाल आणि २५ जुलै २००७ ला राष्ट्रपती झाल्या. पण त्यांच्यासारखी एकटी बाई टेबलाशी असली तर तिची दमछाक होते. तिच्या शेजारी आणखी दोघी असल्या, तर एकीकडे आरोग्य, दुसरीकडे पाणी आणि तिसरीकडे अर्थ, असं मागता येतं.

वसंतराव नाईकांनी अकरा वर्षं घर एकत्र ठेवलं ते प्रत्येक भागाला टेबलाशी जागा देऊन. विदर्भाला जागा हवी, मराठवाड्याला हवी, हे त्यांना कळलं, कारण विदर्भ आणि मराठवाडा ती मागत होते. बायकांनी तेव्हा धान्य मागितलं, रॉकेल मागितलं, काम मागितलं, आणि ते मिळवलंही. टेबलाशी जागा मात्र फार थोड्या जणींनी मागितली. ते मागणं आपल्या पिढीकडे आलं आहे.

येत्या महिन्यात बऱ्याच गावांत ग्रामसभा आहेत. ज्या गटांना जमेल त्यांनी आपल्या ग्रामपंचायतीच्या सगळ्या समित्यांची यादी मागून घ्या. ग्रामपंचायतीत ती बघायला मिळते, आणि मागणं हा आपला हक्क आहे. गटाच्या बैठकीत ती वाचा, तीन प्रश्न विचारा आणि उत्तरं आम्हाला लिहून पाठवा. पुढच्या भागात आपण ती एकत्र ऐकू. तोवर सगळ्यांना नमस्कार.